महामारी आणि परीक्षा : तळवड्याहून एक अवलोकन

देहूहून आळंदीकडे जाणारा रस्ता इंद्रायणीच्या सोबतीने तळवडे गावातून जातो. ह्या वाटेने पूर्वी वारकरी चालत, आजही चालतात. परंतु वाटेच्या आसपास आता निराळेच जग उभे राहिले आहे. एकीकडे औद्योगिक विकास महामंडळाचे माहिती तंत्रज्ञान उद्यान आणि त्यातील काचेच्या इमारती. दुसरीकडे ज्योतिबानगरच्या पत्र्याच्या शेडमधून चालणारे लहान लहान कारखाने. आणि त्यांना लागूनच रुपीनगरची दाट कामगारवस्ती. १९९७ साली तळवडे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेव्हापासून येथील शेते हळूहळू दिसेनाशी झाली आणि शेतकऱ्यांची व कामगारांची मुले निगडी, आकुर्डी, चिंचवड येथील महाविद्यालयांत जाऊ लागली.

२०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा ह्या एका गावात तीन प्रकारची माणसे तीन प्रकारे घरी बसली. काचेच्या इमारतींतील मंडळींनी आपापले लॅपटॉप घरी नेले आणि त्यांचे काम फारसा खंड न पडता चालू राहिले. शेडमधील लेथ आणि प्रेस थांबले; त्यांवर काम करणाऱ्यांपैकी अनेकांनी गावाकडची वाट धरली. ह्या दोहोंच्या मध्ये विद्यार्थी होता. त्याचे शिक्षण बंद पडलेले नव्हते आणि चालूही नव्हते. वर्ग भरत होता, परंतु तो वडिलांच्या मोबाइलवर. आणि वडील कामावर जाऊ लागले की वर्गही त्यांच्या खिशातून कामावर जात असे.

त्या काळी आम्ही ह्याच पट्ट्यातील एका महाविद्यालयात अध्यापन करीत होतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते केवळ प्रेक्षकाचे नाही. मात्र अनुभव सांगण्यापूर्वी थोडे मागे जावे असे वाटते. कारण साथीच्या रोगाने शिक्षणाची घडी विस्कटण्याचा प्रसंग पुण्यावर प्रथमच आलेला नव्हता, आणि परीक्षेविषयीचा आपला आग्रह तरी कोठून आला हेही पाहण्याजोगे आहे.

परीक्षेसाठी जन्मलेले विद्यापीठ

आपल्याकडील आधुनिक विद्यापीठ हे शिकविण्यासाठी जन्मास आले नाही, ही गोष्ट आज पुष्कळांना ठाऊक नसते. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. कोणी कोणत्या विद्येत प्रावीण्य मिळविले आहे हे परीक्षेद्वारे ठरवावे आणि त्याप्रमाणे पदवी द्यावी, हा त्या कायद्याचा उद्देश होता. शिकविण्याचे काम महाविद्यालयांकडे, मोजण्याचे काम विद्यापीठाकडे, अशी ही वाटणी होती. तिचा नमुना १८३६ साली स्थापन झालेल्या लंडन विद्यापीठाचा. त्या विद्यापीठाने तर १८५८ मध्ये एक पाऊल आणखी पुढे टाकून कोणत्याही महाविद्यालयात न गेलेल्या उमेदवारासही आपली परीक्षा खुली केली. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली जे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे ह्यास १९०४ च्या कायद्याने वाट करून दिली. आणि मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो १९१९ साली. म्हणजे सुमारे साठ वर्षे आपले विद्यापीठ प्रामुख्याने परीक्षाच घेत होते.

लेखी परीक्षेचा इतिहास त्याहूनही जुना आहे. येशूसंघीयांनी आपल्या विद्यालयांसाठी १५९९ साली ‘रेशिओ स्टुडिओरम’ ही अध्यापनाची नियमावली सिद्ध केली. तीत लेखी परीक्षेचे स्वतंत्र नियम आहेत आणि ते वाचताना चारशे वर्षांचे अंतर क्षणभर नाहीसे होते. विद्यार्थ्याने लिहिण्यास लागणारी पुस्तके व साहित्य आधीच सोबत आणावे, म्हणजे मध्येच कोणाजवळ काही मागावे लागणार नाही. शेजारी बसणाऱ्यांनी एकमेकांचे उतरवून घेऊ नये. कारण दोन उत्तरे हुबेहूब सारखी निघाल्यास दोघांविषयीही संशय घ्यावा लागेल, कोणी कोणाचे पाहिले हे ओळखण्यास मार्ग नाही. २०२० साली संगणकाच्या कॅमेऱ्यातून विद्यार्थ्याच्या डोळ्यांवर पाळत ठेवणाऱ्यांची चिंता ह्याहून वेगळी नव्हती. मात्र एक भेद आहे. त्या जुन्या नियमावलीत परीक्षा हा अध्यापनाचा एक भाग होता. जो गुरू वर्षभर समोर होता त्याला विद्यार्थी ओळखीचा होता. आपल्याकडे परीक्षक आणि विद्यार्थी एकमेकांना न ओळखणारे असावेत, ह्यालाच न्याय समजले गेले. त्या न्यायात तथ्य नाही असे कोण म्हणेल? जातीपातीने विभागलेल्या समाजात, ज्याचे नाव झाकलेले आहे अशी उत्तरपत्रिका हे पुष्कळांच्या उद्धाराचे साधन ठरले. परंतु त्यामुळे सगळा भार एका दिवसावर, एका दालनावर आणि तीन तासांवर येऊन पडला. ते दालनच जेव्हा बंद झाले, तेव्हा विद्यापीठाला आपली ओळखच हरवल्यासारखे झाले.

प्लेगच्या काळातील पुणे

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचे निदान केले. मूळचे गोव्यातील हडफडे येथील हे कॅथलिक डॉक्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांच्या निदानावर प्रथम सर्वांचा विश्वास बसला नाही. परंतु ते खरे ठरले आणि काही महिन्यांतच साथ पुण्यास पोहोचली. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. हाच कायदा, सव्वाशे वर्षांनंतर, २०२० च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला.

त्या साथीतील एक मृत्यू आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. सावित्रीबाई फुले ह्यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत ह्यांच्या मदतीने हडपसरच्या बाजूला, माळावर, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या एका दलित कुटुंबातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या आणि त्यातच त्यांना संसर्ग झाला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुणे विद्यापीठास २०१४ साली त्यांचे नाव देण्यात आले. आणि महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण पुण्यातच आढळले ते ९ मार्च २०२० रोजी, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. हा निव्वळ योगायोग आहे हे आम्ही जाणतो. तरीही ज्या विद्यापीठाने पुढे दोन वर्षे महामारीशी झुंज दिली, त्याला महामारीतच देह ठेवलेल्या शिक्षिकेचे नाव आहे, हे विसरता येत नाही.

त्याच विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे गणेशखिंडीतील पूर्वीचे गव्हर्नरांचे निवासस्थान. २२ जून १८९७ रोजी राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ तेथे झाला आणि तो आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी गोळी झाडली. घराघरांत शिरून तपासणी करणाऱ्या, माणसांना ओढून नेणाऱ्या व्यवस्थेविरुद्धचा तो उद्रेक होता. साथ आटोक्यात आणणे आवश्यक होते ह्याविषयी वाद नाही. परंतु ज्यांच्यासाठी उपाय करावयाचा त्यांच्या घरात, त्यांच्या अब्रूचा विचार न करता डोकावले की काय होते, हे त्या वर्षाने दाखवून दिले. आमच्या मनात ही आठवण का राहिली ते पुढे कळेल.

प्लेगने शिक्षण नुसते थांबविले नाही. एका ठिकाणी त्याने नवी वाटही काढली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९६ साली विधवा स्त्रियांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. शहरात प्लेगचे भय वाढले, तेव्हा १९०० साली हा आश्रम गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत हलविण्यात आला. रस्ता धड नव्हता. महाविद्यालयातील तास संपले की कर्वे चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जात. विद्यार्थिनींना गावात येता येत नव्हते म्हणून गुरूच त्यांच्याकडे गेले. त्या झोपडीतून वाढलेल्या कार्यातूनच १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. मातृभाषेतून उच्च शिक्षण आणि स्त्रियांच्या परिस्थितीला अनुरूप अभ्यासक्रम व परीक्षा हे त्याचे वैशिष्ट्य. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी त्यास पंधरा लाख रुपयांची देणगी दिली. परंतु शासनाची वैधानिक मान्यता मिळण्यास तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला. तोवर ‘ही पदवी खरी काय?’ हा प्रश्न त्या स्त्रियांच्या पाठीस लागलेलाच होता. कोविडच्या काळात पदवी घेतलेल्या मुलांना जेव्हा हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हा आम्हांस हिंगण्याची आठवण झाली.

घरी जाणारे शिक्षण

दूर राहून शिकणे ही कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवरून प्रसारित होऊ लागले होते. त्यानंतर १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले ह्यांनी त्यापूर्वी पुणे विद्यापीठाचेही कुलगुरुपद भूषविले होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन आलेल्या ह्या विद्यापीठाने ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले होते अशा माणसांना पुन्हा पुस्तकाजवळ आणले. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळी करून, रविवारी अभ्यासकेंद्रात येऊन पदवी मिळविलेले कामगार आमच्या परिचयाचे आहेत. बारावी न झालेल्यांसाठी तेथे पूर्वतयारीचा शिक्षणक्रमही होता.

ह्या शिक्षणाचे मर्म साधनांत नव्हते, आखणीत होते. मुक्त विद्यापीठाचे पुस्तक निराळ्या रीतीने लिहिलेले असते. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून, प्रत्येक घटकाच्या शेवटी वाचकाला थांबवून, त्याला स्वतःलाच तपासावयास लावणारे ते पुस्तक असते. स्वाध्याय असतो, अभ्यासकेंद्र असते, शंका विचारण्यास संमंत्रक असतो. शिकणारा नोकरी करतो, त्याला घरसंसार आहे, त्याला रात्रीच वेळ मिळतो, हे सारे आरंभीच हिशेबात घेतलेले असते.

२०२० साली आपल्या महाविद्यालयांनी जे केले ते असे नव्हते. वर्गात द्यावयाचे व्याख्यान तसेच्या तसे पडद्यावर आणण्यात आले. फळा गेला व त्याच्या जागी चित्रफिती आल्या. साठ मिनिटांचा तास साठ मिनिटांचाच राहिला. अमेरिकेतील काही शिक्षणतज्ज्ञांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये असा इशारा दिला होता की, आणीबाणीत केलेल्या ह्या तात्पुरत्या व्यवस्थेला ऑनलाइन शिक्षण म्हणू नये. नाहीतर तिच्या अपयशाचे खापर भल्या पद्धतीवर फुटेल. घर जळत असताना बादलीने पाणी मारणे आणि नळयोजना आखणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या. आम्ही बादल्या भरीत होतो, आणि त्यालाच नळयोजना म्हणत होतो.

साधनांची स्थिती काय होती हेही पाहिले पाहिजे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातील सुमारे २४ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात हे प्रमाण १५ टक्के, तर शहरांत ४२ टक्के. संगणक तर सरासरी दहा घरांतून एकाच घरी होता. टाळेबंदीत गावी गेलेला विद्यार्थी बेचाळीसांच्या जगातून पंधरांच्या जगात गेला होता, आणि हजेरीपटाला त्याचा पत्ता नव्हता.

परीक्षेचा वाद आणि न्यायालयाचा निर्णय

अध्यापनाचे असे चालले असता परीक्षेचा प्रश्न अधिक बिकट झाला. पहिल्या व मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना मागील गुणांच्या आधारे वरच्या वर्गात घालावे, ह्यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो अंतिम वर्षाचा. महाराष्ट्र शासनाने आधीच्या सत्रांच्या सरासरीवर पदवी द्यावी असे ठरविले. कुलपती ह्या नात्याने राज्यपालांनी त्यास हरकत घेतली. ६ जुलै २०२० रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने सुधारित मार्गदर्शक सूचना काढून अंतिम परीक्षा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावयास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट २०२० च्या निकालात न्यायालयाने मध्यममार्ग काढला. आपत्तीच्या कारणास्तव राज्याला परीक्षा पुढे ढकलता येईल व त्यासाठी आयोगाकडे मुदत मागता येईल. परंतु परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही.

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये राज्यभर परीक्षा झाल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची अंतिम वर्षाची परीक्षा १२ ऑक्टोबरला सुरू झाली. घरी बसून, मोबाइल वा संगणकावर, बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरे देण्याची ही परीक्षा होती; ज्यांच्याजवळ साधन नव्हते त्यांच्यासाठी केंद्रावर जाण्याची सोयही होती. पहिल्याच दिवशी तांत्रिक अडचणी आल्या. अडलेल्या विद्यार्थ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची परीक्षा त्याच महिन्यात सर्व्हरवरील सायबर हल्ल्यामुळे पुढे गेली. दिल्ली विद्यापीठाने त्याआधी ऑगस्टमध्ये पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहिण्याची परीक्षा घेऊन पाहिली होती. १५९९ च्या नियमावलीत पुस्तके सोबत आणण्याची मुभा होतीच. प्रश्न एवढाच की, पुस्तकात पाहूनही ज्याचे उत्तर सहज सापडणार नाही असा प्रश्न काढण्याची आम्हां शिक्षकांना सवय राहिली होती काय?

२०२१ मध्ये दुसरी लाट आली. शाळांच्या बाबतीत तर दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. बारावीचा ९९.६३ टक्के. एवढे मोठे यश पाहून कोणाच्याही घरी पेढे वाटण्याचा उत्साह दिसला नाही. महाविद्यालये ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडली, जानेवारी २०२२ मध्ये काही काळ पुन्हा बंद झाली, आणि त्या वर्षीच्या उन्हाळी सत्रापासून परीक्षा पुन्हा दालनात, कागदावर होऊ लागल्या. तेव्हा विद्यार्थ्यांची मागणी होती की परीक्षा ऑनलाइनच घ्यावी. पुष्कळांनी त्यांना आळशी म्हटले. दोन वर्षे ज्याने हाताने सलग दोन पाने लिहिलेली नाहीत, त्याला एकदम तीन तास लिहावयास बसविताना त्याची भीती समजून घेणे आवश्यक होते. निदान लेखनाला जास्तीचा वेळ देण्यात आला, हे बरे झाले.

आमच्या चुका

आता आमच्याविषयी. आमच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. तिचा कॅमेरा सदैव बंद असे. तीनदा सांगूनही तिने तो उघडला नाही, तेव्हा आम्ही तिला गैरहजर धरले आणि अंतर्गत मूल्यमापनातील तिचे गुण कापले. नियम तसाच होता, असे आम्ही स्वतःस बजाविले. पुढे काही महिन्यांनी ती महाविद्यालयात आली. तिने तक्रार केली नाही. बोलता बोलता इतकेच म्हणाली, “सर, आमची एकच खोली आहे. मागे खाटेवर आजी असायची. तिचं सगळं तिथंच करावं लागायचं.” आम्हांस काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. १८९७ साली घरात शिरणाऱ्या सोजिरांची कथा आम्ही वर्गात किती आवेशाने सांगत होतो! आणि आम्ही स्वतः एका मुलीच्या घरात डोकावण्याचा हट्ट धरला होता. गुण दुरुस्त करण्याची मुदत तेव्हा संपून गेली होती.

दुसरा प्रसंग रुपीनगरमधील एका मुलाचा. त्याचे वडील ज्योतिबानगरमध्ये लेथवर काम करीत. अंतिम परीक्षेच्या दिवशी घरातला एकमेव मोबाइल त्याच्या हाती होता आणि वडील त्यासाठी घरी थांबले होते. चाळीसावा प्रश्न चालू असता वडिलांच्या मालकाचा फोन आला, आणि पडद्यावरची परीक्षा निघून गेली. तो पुन्हा आत जाईपर्यंत वेळ उरला नव्हता. निकालात तो काठावर उत्तीर्ण झाला. आम्ही त्याला संध्याकाळी सहज म्हणून फोन केला आणि त्याच विषयातील चार प्रश्न तोंडी विचारले. त्याने तीन अचूक सांगितले. चौथ्याला म्हणाला, “सर, हे मला येत नाही, पण बाबांना येतं,” आणि फोन वडिलांकडे दिला. धातू कापताना हत्याराला कोणता कोन द्यावा आणि का, हे त्या गृहस्थांनी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितले की, आमच्या टिपणात आम्ही ते नंतर तसेच उतरवून घेतले.

त्या पंधरा मिनिटांच्या संभाषणाने आम्हांस त्या मुलाविषयी जेवढे कळले, तेवढे त्या परीक्षेने कळले नव्हते. परंतु आमच्या वर्गात ऐंशी मुले होती, आणि विद्यापीठाचे विद्यार्थी तर काही लाखांच्या घरात. मौखिक परीक्षा प्रत्येकाची कशी घ्यावी, तीत पक्षपात होणार नाही ह्याची हमी कोणी द्यावी, हे प्रश्न खरे आहेत. झाकलेल्या नावाची उत्तरपत्रिका ज्या कारणासाठी आली, ते कारण आजही संपलेले नाही. म्हणून एका पद्धतीस देव्हाऱ्यात बसवावे आणि दुसरीस टाकून द्यावे, असे आमचे म्हणणे नाही.

पुढे काय राहिले

महामारी ओसरली, पण तिने आणलेले सगळे ओसरले नाही. ‘स्वयम्’ ह्या शासकीय मंचावरील शिक्षणक्रमांचे श्रेयांक पदवीसाठी धरण्याची मर्यादा पूर्वी २० टक्के होती. ती २०२१ च्या नियमांनी ४० टक्के झाली. जुलै २०२० मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मिश्र पद्धतीच्या शिक्षणाला मान्यता दिली आहे. प्रयोगशाळेतील उपकरण न हाताळता पडद्यावर प्रयोग करून पाहण्याच्या आभासी प्रयोगशाळा आधीपासून होत्या. त्यांचा वापर त्या काळात रूढ झाला. पूर्वतयारीसाठी त्या उत्तमच. परंतु तळवड्याच्या शेडमधील कोणताही कारागीर सांगेल की, लेथचा आवाज बदलला की हात मागे घ्यावयाचा असतो, आणि तो आवाज पडद्यातून ऐकू येत नाही.

त्यातच ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅट जीपीटी आले. कोविडच्या काळात बहुपर्यायी परीक्षेला पर्याय म्हणून ज्या घरच्या निबंधांचा व स्वाध्यायांचा आम्ही पुरस्कार केला होता, ते निबंध आता यंत्रही लिहू लागले. पुन्हा दोन उत्तरे सारखी निघू लागली, आणि कोणी कोणाचे पाहिले हे ओळखण्यास पुन्हा मार्ग उरला नाही. ह्यातून सुटका अधिक कॅमेऱ्यांनी होईल असे आम्हांस वाटत नाही. वर्षभरात विद्यार्थ्याने केलेले काम थोडे थोडे पाहणे, त्याने लिहिलेल्या एखाद्या पानावर त्याला पाच मिनिटे बोलते करणे, पुस्तक उघडे ठेवूनही विचार करावा लागेल असा प्रश्न काढणे, आणि शेवटी कागदावरची परीक्षाही ठेवणे, असे चार खांब उभारले तर एक खचला तरी छप्पर कोसळणार नाही. ह्यासाठी वर्ग लहान हवेत आणि शिक्षकांच्या रिक्त जागा भरलेल्या हव्यात. यंत्रणा विकत घेण्यापेक्षा हे काम अवघड आहे, म्हणूनच ते मागे पडते.

आणखी एक गोष्ट मागे राहिली आहे, ती म्हणजे त्या मुलांच्या कपाळी लागलेला शिक्का. २०२० ते २०२२ ह्या वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांना पुढे कित्येक मुलाखतींत ‘कोविड बॅच’ म्हणून हिणविण्यात आले. काही ठिकाणी तर जाहिरातीतच त्या वर्षाच्या उमेदवारांनी अर्ज करू नये असे छापले गेले. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरीसाठी रांगेत उभे राहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे शब्द ऐकले आहेत. ज्यांनी आजोबांना ऑक्सिजन मिळावा म्हणून रात्रभर फोन फिरविले आणि सकाळी परीक्षा दिली, त्यांच्या गुणपत्रिकेवरील सन पाहून त्यांची लायकी ठरविण्याचा अधिकार कोणाला आहे? त्यांना काही कमी येत असेल तर ते शिकविण्याचे काम आमचे होते; ते अपुरे राहिले असेल तर दोष प्रथम आमचा आहे.

देहू तळवड्याच्या शेजारचे गाव. तुकोबांच्या वह्या तेथील डोहात बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या, ही आख्यायिका येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. कागद बुडाला तरी अभंग लोकांच्या कंठात होते, म्हणून गाथा तरली, असाही तिचा अर्थ लावला जातो. विद्येची खरी कसोटी कोणती, ह्याचे उत्तर शोधू पाहणाऱ्यास ही कथा पुरेशी आहे.

तो रुपीनगरचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात आता काम करतो. गेल्या वर्षी भेटला तेव्हा सांगत होता की, नव्याने आलेल्या मुलांच्या मुलाखतीत त्यालाही बसवितात. आम्ही विचारले, “मग काय विचारतोस?” तो हसून म्हणाला, “सर, हातात एक जॉब देतो आणि म्हणतो, ह्यात काय चुकलंय ते सांग. कुठल्या साली पास झालास, ते विचारत नाही.”